एडिंबरोचें ग्रेफ्रायर्स चर्च व त्याच्या मंडळ्या



स्कॉटलंडची राजधानी जें एडिंबरो शहर, त्याच्या जुन्या वस्तींत, किल्ल्याच्या खडकापासून थोड्या अंतरावर, ग्रेफ्रायर्स या नांवाचें एक चर्च आहे. शिल्पकलेचा नमुना म्हणून तें पाहावयास कोणी गेला तर बहुधा त्याची निराशा होईल. त्यास उंच शिखर नाहीं, कीं भिंतींवर विशेष कोरीव काम नाहीं. लांबट, बसकें, दगडी असें तें एक साधें प्रार्थनामंदिर आहे आणि त्याच्या भोंवतीं जुनी, थडग्यांनीं भरलेली दफनभूमि आहे. तरीहि गेल्या चारशें वर्षांत स्कॉटिश राष्ट्राच्या धार्मिक जीवनांत जीं मोठीं वादळें झालीं, त्यांपैकीं बहुतेकांचे आघात या एका वास्तूनें सोसले आहेत. आणि त्यांतील एका प्रकरणाचा धागा तर थेट आपल्या मुंबईपर्यंत येऊन पोंचला आहे. या चर्चचा, आणि त्याहूनहि अधिक त्यांत जमलेल्या उपासक मंडळ्यांचा, इतिहास आज मी आपणांपुढें ठेवणार आहें.

प्रथम एका शब्दाचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. स्कॉटलंडमध्यें ‘पॅरिश’ म्हणजे नुसतें चर्च नव्हे. पॅरिश म्हणजे सीमा ठरविलेला एक मुलूख. त्या सीमेच्या आंत राहणारा प्रत्येक मनुष्य, मग तो उपासनेस येवो वा न येवो, त्या चर्चच्या काळजीचा विषय मानला जाई. बाप्तिस्मा आणि विवाह यांची नोंद तेथें होई. १८४५ सालच्या कायद्यापूर्वीं गरिबांस मदत देण्याचा भार मुख्यत्वेंकरून पॅरिशवरच होता, आणि १८७२ पर्यंत शाळेचीहि बरीचशी व्यवस्था तिच्याकडे असे. पॅरिशच्या या मुलखासाठीं एक इमारत असावयाची, आणि त्या इमारतींत जमणारी एक मंडळी. म्हणजे मुलूख, इमारत आणि माणसें अशीं तीन अंगें झालीं. सुखाच्या काळीं हीं तिन्ही अंगें एकजीव असतात व त्यांच्यांतील भेद कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. परंतु ग्रेफ्रायर्सचा इतिहास म्हणजे हीं तीन अंगें पुनःपुन्हां कशीं विलग झालीं आणि पुनःपुन्हां कशीं जोडलीं गेलीं याचीच हकीकत आहे.

दुसरी ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे या चर्चची राज्यपद्धति. १५६० सालीं स्कॉटलंडनें पोपची सत्ता झुगारून दिली. त्यानंतर तेथें हळूहळू जी पद्धति रुजली तींत धर्मोपदेशक आणि मंडळींतील ‘वडील’ म्हणून नेमलेले गृहस्थ हे मिळून कारभार पाहात. त्यांच्यावर प्रेसबिटरी म्हणजे अनेक पॅरिशांची सभा, तिच्यावर सिनड, आणि सर्वांवर देशाची महासभा. या रचनेंत बिशपास स्थान नव्हतें. सभेनें चालणारा हा कारभार राजांस रुचणें कठीणच होतें, आणि पुढच्या सव्वाशें वर्षांच्या झगड्याचें मूळ यांतच आहे.

आतां नांवाविषयीं. ग्रेफ्रायर्स म्हणजे करड्या झग्यांचे संन्यासी. फ्रान्सिस्कन पंथाचे हे संन्यासी १४४७ च्या सुमारास नेदरलंडमधून एडिंबरोस आले व ग्रासमार्केट नांवाच्या बाजाराजवळ त्यांचा मठ उभा राहिला. १५५९ सालीं धर्मक्रांतीच्या लाटेंत तो मठ उध्वस्त झाला. शहराच्या मुख्य चर्चची, म्हणजे सेंट जाइल्सची, दफनभूमि तोंवर इतकी भरली होती कीं नवीन प्रेतांस जागा उरली नव्हती. म्हणून १५६२ मध्यें मेरी राणीनें मठाची बाग नगरपालिकेस दफनाकरितां दिली. प्रथम दफनभूमि झाली आणि चर्च मागाहून आलें, असा हा उलटा क्रम आहे.

सेंट जाइल्सच्या विशाल वास्तूंत धर्मक्रांतीनंतर भिंती घालून अनेक मंडळ्यांची सोय केलेली होती. एका छपराखालीं निरनिराळ्या मंडळ्या आपापल्या उपदेशकाचें प्रवचन ऐकत. शहर वाढलें तशी ही सोयहि अपुरी पडूं लागली. तेव्हां नैर्ऋत्य भागांतील लोकांकरितां स्वतंत्र चर्च बांधावें असें ठरलें. १६०२ मध्यें काम सुरू झालें. तें रखडत रखडत चालून अखेर १६२० च्या नाताळांत हें चर्च उपासनेकरितां उघडण्यांत आलें. धर्मक्रांतीनंतर एडिंबरोंत बांधलेलें हें पहिलेंच चर्च होय. कॅथोलिक संन्याशांचें नांव प्रॉटेस्टंट चर्चला चिकटून राहिलें तें या जागेमुळें.

पुढें अठराच वर्षांनीं या नव्या चर्चचें नांव सगळ्या ब्रिटनमध्यें गाजलें. राजा पहिला चार्ल्स हा जन्मानें स्कॉटिश असला तरी लहानपणींच इंग्लंडांत गेलेला होता. स्कॉटलंडच्या उपासनेसहि इंग्लंडचें वळण लावावें असा त्याचा हट्ट होता. १६३३ मध्यें त्यानें एडिंबरोस बिशप नेमण्याची व्यवस्था केली आणि सेंट जाइल्स हें बिशपाचें मुख्य देवालय व्हावें म्हणून आंतील भिंती पाडण्याचा हुकूम सोडला. १६३७ मध्यें त्यानें नवें प्रार्थनापुस्तक पाठविलें. त्याबाबत महासभेस कोणीं विचारलें नाहीं कीं संसदेस विचारलें नाहीं. २३ जुलै १६३७ रोजीं सेंट जाइल्समध्यें तें वाचावयास प्रारंभ होतांच दंगल उसळली. 

या विरोधास कायदेशीर रूप देण्याकरितां अलेक्झांडर हेंडरसन नांवाचा धर्मोपदेशक आणि आर्चिबाल्ड जॉन्स्टन नांवाचा वकील यांनीं एक लेख तयार केला. तोच ‘राष्ट्रीय करार’. राजनिष्ठा सोडावयाची नाहीं, परंतु महासभा आणि संसद यांच्या संमतीवांचून लादलेले धर्मविषयक फेरफार मानावयाचे नाहींत, असें त्याचें सार होतें. २८ फेब्रुवारी १६३८ रोजीं ग्रेफ्रायर्स चर्चमध्यें तो वाचण्यांत आला आणि सरदार व जमीनदार यांनीं त्यावर सह्या केल्या. बाहेर दफनभूमींत थडग्याच्या सपाट दगडावर करार पसरून हजारों लोकांनीं, कोणी कोणी तर आपल्या रक्तानें, सह्या केल्याचें चित्र पुढील पिढ्यांनीं रंगविलें. इतिहासकारांचें मत मात्र असें आहे कीं त्या संध्याकाळच्या सह्या चर्चच्या आंत झाल्या. धर्मोपदेशक व नागरिक यांच्या सह्या पुढील दिवसांत झाल्या, आणि मग कराराच्या प्रती गांवोगांव गेल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस ग्लासगो येथें भरलेल्या महासभेनें बिशपांची सत्ता रद्द केली.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाणें योग्य होणार नाहीं. जो करार राजाच्या जुलुमाविरुद्ध स्वखुषीनें झाला, तोच १६४० मध्यें संसदेच्या कायद्यानें सर्वांवर बंधनकारक झाला. सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याकरितां उठलेल्या लोकांनीं सत्ता हातीं येतांच दुसऱ्याच्या सदसद्विवेकास बांधून टाकलें. हा दोष एकट्या स्कॉटलंडचा नव्हे. परंतु पुढें जें घडलें त्याचा विचार करतांना तो विसरतां येत नाहीं.

१६५० सालीं डनबारच्या लढाईनंतर क्रॉमवेलच्या सैन्यानें एडिंबरो घेतलें आणि ग्रेफ्रायर्समध्यें शिपायांची छावणी पडली. आंतील लांकूडकामाची धूळधाण झाली. १६५३ पर्यंत मंडळीस आपल्याच चर्चमध्यें पाऊल ठेवतां आलें नाहीं. १६६० मध्यें राजसत्ता परत आली, तिच्या मागोमाग बिशप आले आणि ज्यांनीं त्यांची सत्ता मान्य केली नाहीं अशा शेंकडों धर्मोपदेशकांस आपलीं चर्चें सोडावीं लागलीं. त्यांच्यामागून त्यांच्या मंडळ्याहि बाहेर पडल्या आणि माळरानांत, डोंगरांच्या घळींत उपासना करूं लागल्या. इमारत एकीकडे आणि माणसें दुसरीकडे, असा हा प्रकार झाला. १६७० च्या कायद्यानें अशा रानांतील सभेंत उपदेश करणाऱ्यास देहान्ताची शिक्षा ठरविली.

जून १६७९ मध्यें बॉथवेल पुलाच्या लढाईंत या करारवाद्यांचा पराभव झाला. सुमारें बाराशें कैदी एडिंबरोस आणले गेले. इतक्या लोकांस पुरेल एवढा तुरुंग शहरांत नव्हता. म्हणून त्यांस ग्रेफ्रायर्सच्या दफनभूमीस लागून असलेल्या एका आवारांत, उघड्या आकाशाखालीं, पहाऱ्यांत ठेवलें. पुन्हां शस्त्र न उचलण्याची हमी लिहून देणारे सुटत गेले, कांहीं मेले. आणि हिंवाळा तोंडावर येईपर्यंत ज्यांनीं हमी दिली नाहीं अशा सुमारें अडीचशें लोकांस अमेरिकेकडील वसाहतींत मजूर म्हणून विकण्याकरितां जहाजावर चढविलें. १० डिसेंबर १६७९ रोजीं ऑर्कनी बेटांजवळ तें जहाज फुटलें. कैदी तळघरांत कोंडलेले असल्यामुळें दोनशेंहून अधिक माणसें बुडून मेलीं. एकेचाळीस वर्षांपूर्वीं ज्या चर्चमध्यें करारावर सह्या झाल्या, त्याच्याच भिंतीशेजारीं तो करार पाळणारे उघड्यावर कुडकुडत पडले होते.

त्याच दफनभूमींत आज एका कोपऱ्यांत या हुतात्म्यांचें स्मारक आहे. १७०६ मध्यें तें प्रथम उभारलें गेलें. तेथेंच करार लिहिणाऱ्या हेंडरसनची समाधि आहे. आणि थोड्याच अंतरावर सर जॉर्ज मॅकेंझी याची घुमटाची भव्य समाधि आहे. हा मॅकेंझी राजाचा मुख्य सरकारी वकील. करारवाद्यांवर त्यानें इतके खटले चालविले कीं लोकांनीं त्यास ‘रक्तपिपासु मॅकेंझी’ असें नांव ठेविलें. परंतु याच मॅकेंझीनें वकिलांकरितां जें ग्रंथालय स्थापिलें, त्यांतूनच पुढें स्कॉटलंडचें राष्ट्रीय ग्रंथालय निर्माण झालें. छळ करणारा आणि छळ सोसणारे या दोघांसहि एकाच भूमीनें पोटांत घेतलें आहे.

१६९० मध्यें बिशप कायमचे गेले आणि सभांचा कारभार पक्का झाला. यानंतरचें संकट मात्र धर्माचें नव्हतें. नगरपालिकेनें आपला बंदुकीच्या दारूचा सांठा ग्रेफ्रायर्सच्या पश्चिमेकडील मनोऱ्यांत ठेविला होता. मे १७१८ मध्यें त्या दारूचा स्फोट झाला. मनोरा कोसळला आणि चर्चचा पश्चिम भागहि निकामी झाला. नगरपालिकेनें काय करावें? मोडलेला भाग दुरुस्त न करतां मध्यें एक भिंत घातली आणि उरलेल्या पूर्वार्धांत मंडळी बसविली. मग या भिंतीच्या पश्चिमेस, जुन्या चर्चला पाठ लावून, दुसरें नवें चर्च बांधलें. तें १७२१ मध्यें पुरें झालें. पहिल्यास ‘ओल्ड ग्रेफ्रायर्स’ आणि दुसऱ्यास ‘न्यू ग्रेफ्रायर्स’ असें म्हणूं लागले. दोन वेगळ्या पॅरिशी, दोन वेगळ्या मंडळ्या, दोन व्यासपीठें. मध्यें एक भिंत. एका अपघातानें उभी राहिलेली ही भिंत पुढें दोनशें वर्षांहून अधिक काळ टिकली. वाटणीची भिंत घालणें किती सोपें आणि काढणें किती कठीण, याचा अनुभव आपल्याकडील एकत्र कुटुंबांसहि आहेच.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत ओल्ड ग्रेफ्रायर्सच्या व्यासपीठावर एक विलक्षण जोडी होती. मोठ्या पॅरिशींत दोन धर्मोपदेशक नेमण्याची वहिवाट असे. विल्यम रॉबर्टसन १७६१ मध्यें आले व १७६७ मध्यें जॉन अर्स्किन त्यांचे सहकारी झाले. रॉबर्टसन हे नामांकित इतिहासकार, एडिंबरो विश्वविद्यालयाचे प्रमुख, आणि महासभेंतील ‘नेमस्त’ पक्षाचे पुढारी. अर्स्किन हे त्याच सभेंतील विरुद्ध पक्षाचे, म्हणजे उत्कट सुवार्तावादी पक्षाचे, धुरीण. धर्मोपदेशक कोणीं नेमावा, अमेरिकेशीं युद्ध करावें कीं नाहीं, कॅथोलिकांस सवलती द्याव्या कीं नाहीं, अशा बहुतेक प्रश्नांवर दोघांचीं मतें परस्परविरुद्ध. सकाळीं एकानें उपदेश करावा, दुपारीं दुसऱ्यानें. आणि महासभेंत मात्र दोघांनीं समोरासमोर उभें राहावें. तरीहि त्यांचा स्नेह अखेरपर्यंत टिकला. १७९३ मध्यें रॉबर्टसन वारले तेव्हां त्यांच्या स्मरणार्थ प्रवचन केलें तें अर्स्किन यांनींच. सर वॉल्टर स्कॉट लहानपणीं घरच्या मंडळींबरोबर याच चर्चमध्यें येत असे. पुढें ‘गाय मॅनरिंग’ या १८१५ च्या कादंबरींत त्यानें अर्स्किन यांच्या प्रवचनाचें वर्णन केलें आहे.

आपल्या दृष्टीनें रॉबर्टसन यांचें महत्त्व निराळें आहे. त्यांचा अखेरचा ग्रंथ १७९१ मध्यें प्रसिद्ध झाला, आणि त्याचा विषय होता प्राचीन लोकांस हिंदुस्थानाची असलेली माहिती. ते स्वतः कधीं हिंदुस्थानांत आले नाहींत. परंतु भगवद्गीता आणि शाकुंतल यांचीं इंग्रजी भाषांतरें नुकतींच झालीं होतीं. त्यांचा त्यांनीं बारकाईनें उपयोग केला. ग्रंथाच्या पुरवणींत त्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, हे लोक पुरातन काळापासून सुसंस्कृत आहेत, आणि हें ज्ञान पसरलें तर युरोपियन लोक त्यांच्याशीं अधिक आदरानें वागतील. कंपनीची सत्ता पसरत असतांना एडिंबरोच्या एका पॅरिशच्या उपदेशकानें असें लिहावें ही साधी गोष्ट नव्हे.

रॉबर्टसन यांच्या मागें तीन वर्षांनीं, १७९६ च्या महासभेंत, परदेशांत धर्मप्रसारक पाठवावे असा ठराव आला. नेमस्त पक्षाचें म्हणणें असें कीं आधीं शिक्षण आणि सुधारणा, मग धर्म; शिवाय घरचे गरीब सोडून परदेशास पैसा कां पाठवावा? पंच्याहत्तरी गांठलेले अर्स्किन उठले, त्यांनीं अध्यक्षांजवळून बायबल मागून घेतलें आणि त्यांतील वचनें वाचून उत्तर दिलें. तरीहि ठराव फेंटाळला गेला. पण पुढें काय झालें पाहा. अर्स्किन यांच्याच चर्चमध्यें पुढें आलेले जॉन इंग्लिस हे स्वतः नेमस्त पक्षाचे होते. त्यांच्या खटपटीनें १८२४ च्या महासभेनें हिंदुस्थानांत कार्य करण्याचा निर्णय घेतला आणि समितीचें अध्यक्षपद इंग्लिस यांजकडे आलें. १८३४ मध्यें वारेपर्यंत तें त्यांनीं सांभाळलें. त्यांच्या योजनेंत धर्मोपदेशाबरोबरच उच्च शिक्षणावर भर होता. म्हणजे एकाच व्यासपीठावरील दोन विरुद्ध मतें त्यांच्या उत्तराधिकाऱ्याच्या योजनेंत एकत्र झालीं.

या समितीनेंच अलेक्झांडर डफ यांस पाठविलें. ते १८३० मध्यें कलकत्त्यास पोंचले व राममोहन रॉय यांच्या साहाय्यानें त्यांनीं शाळा काढली. आपल्या इलाख्यांत जॉन विल्सन हे १८२९ मध्यें एका निराळ्या स्कॉटिश संस्थेकडून आले. १८३५ मध्यें त्यांचें कार्य महासभेच्या या समितीच्या छत्राखालीं आलें. त्यांनीं मराठी शिकून घेतली, त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनीं मुंबईंत मुलींच्या शाळा काढल्या, आणि १८३२ मध्यें विल्सन यांनीं जी शाळा सुरू केली तिचेंच पुढें विल्सन कॉलेज झालें. या कार्याचा हेतु धर्मान्तराचा होता हें लपविण्याचें कारण नाहीं. १८३९ मध्यें दोन पारशी तरुणांच्या बाप्तिस्म्यावरून मुंबईंत मोठें वादळ उठलें आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें. परंतु चौपाटीवरील विल्सन कॉलेजच्या इमारतीवरून जातांना तिचा एक पाया ग्रेफ्रायर्समध्यें घातला गेला होता हें लक्षांत असावें.

आतां पुन्हां एडिंबरोकडे वळूं. धर्मोपदेशक कोणीं नेमावा हा वाद मी मघां ओझरता उल्लेखिला. १७१२ च्या कायद्यानें हा हक्क त्या त्या पॅरिशच्या आश्रयदात्याकडे, म्हणजे जमीनदाराकडे, सरकाराकडे वा नगरपालिकेकडे, दिला होता. मंडळीस नको असलेला उपदेशक तिच्या माथीं मारला जाई. शंभर वर्षें हा प्रश्न धुमसत राहिला. त्यांतच शहरांत दुसरें एक दुःख होतें. एडिंबरोचीं चर्चें नगरपालिकेच्या मालकीचीं होतीं आणि ती बैठकांचें भाडें घेत असे. १८३७ मध्यें टॉमस गथ्री हे ओल्ड ग्रेफ्रायर्समध्यें आले. त्यांच्या पॅरिशींत काउगेट नांवाची अत्यंत दरिद्री, दाट वस्ती होती. चर्चमध्यें भाडें भरणारे सुखवस्तु लोक दूरच्या पेठांतून येत. आणि ज्यांच्याकरितां पॅरिश होती ते गरीब बाहेरच राहात. मुलूख एका लोकांचा आणि मंडळी दुसऱ्याच लोकांची! गथ्री यांनीं काउगेटच्या घराघरांत फिरण्याचा क्रम ठेविला. १८४० मध्यें ते जवळच्या नव्या सेंट जॉन चर्चमध्यें गेले, आणि तेथें तळमजल्यावरील जागा पॅरिशच्या लोकांकरितां मोफत ठेवण्यांत आल्या. १८४७ मध्यें त्यांनीं अनाथ व भुकेल्या मुलांकरितां अन्न आणि शिक्षण एकत्र देणाऱ्या शाळा काढल्या. त्याच ‘फाटक्या कपड्यांच्या शाळा’ म्हणून प्रसिद्ध झाल्या.

१८ मे १८४३ रोजीं धुमसणारा वणवा पेटला. महासभा भरतांच शेंकडों प्रतिनिधि उठून सभागृहाबाहेर पडले, रस्त्यानें चालत दुसऱ्या जागीं गेले आणि त्यांनीं ‘फ्री चर्च’ स्थापन केलें. सुमारें बाराशें धर्मोपदेशकांपैकीं ४७० जणांनीं आपला पगार, राहतें घर आणि चर्च या सर्वांवर पाणी सोडलें. त्यांत गथ्री होते. ओल्ड ग्रेफ्रायर्सचे धर्मोपदेशकहि मंडळींतील एक भाग बरोबर घेऊन निघाले, आणि ‘फ्री ग्रेफ्रायर्स’ अशी तिसरी मंडळी उभी राहिली. मूळ जागेशीं तिचा कांहीं संबंध उरला नव्हता. तरी नांव तिला सोडवलें नाहीं. या फुटीचे पडसाद हिंदुस्थानांतहि उमटले. डफ आणि विल्सन यांसह येथील सर्व स्कॉटिश धर्मप्रसारक फ्री चर्चमध्यें गेले, आणि शाळांच्या इमारती जुन्या चर्चच्या मालकीच्या ठरल्यामुळें त्यांस त्या सोडून पुन्हां नव्यानें आरंभ करावा लागला.

पुढें दोनच वर्षांनीं, जानेवारी १८४५ मध्यें, ओल्ड ग्रेफ्रायर्सला आग लागली. छप्पर जळालें, आंतील खांब निकामी झाले. बारा वर्षें मंडळी दुसरीकडे जमत होती. १८५७ मध्यें चर्च पुन्हां उघडलें तेव्हां त्याचे धर्मोपदेशक होते रॉबर्ट ली. खिडक्यांस रंगीत चित्रांच्या कांचा बसविल्या होत्या. स्कॉटलंडच्या प्रेसबिटेरियन पॅरिश चर्चांत धर्मक्रांतीनंतर ही गोष्ट प्रथमच घडली. ली यांनीं गुडघे टेकून प्रार्थना करणें, उभें राहून गाणें आणि छापील पुस्तकांतून प्रार्थना वाचणें सुरू केलें. पुढें हार्मोनियम आणला आणि १८६५ मध्यें ऑर्गन बसविला. श्रोत्यांस वाटेल, यांत एवढें काय? पण ज्या चर्चमध्यें छापील प्रार्थनापुस्तकाविरुद्ध करार झाला होता, त्याच चर्चमध्यें छापील प्रार्थना वाचल्या जाव्या हें अनेकांस सहन होईना. १८५९ पासून महासभेपुढें ली यांच्यावर प्रकरणें चाललीं. १८६७ च्या मे महिन्यांत पुन्हां निर्णयाची वेळ आली असतां त्यांस अर्धांगाचा झटका आला, आणि १८६८ मध्यें ते वारले. वाद अनिर्णीतच राहिला. पण शतक संपेपर्यंत ऑर्गन आणि उभ्यानें गायन हें स्कॉटलंडभर नित्याचें झालें. चार्ल्स राजाला जें साधलें नाहीं तें ली यांच्या मार्गानें साधलें याचें कारण उघड आहे: पहिल्या वेळीं तें वरून लादलें जात होतें, दुसऱ्या वेळीं एका मंडळीनें तें आपण होऊन स्वीकारलें होतें.

याच वर्षांत बॉबी नांवाचा एक लहानसा कुत्रा या दफनभूमींत राहात असे. १८५८ मध्यें वारलेल्या आपल्या धन्याच्या थडग्यापाशीं तो १८७२ पर्यंत बसून होता अशी आख्यायिका आहे. अलीकडील संशोधकांनीं तिच्या तपशिलाविषयीं शंका काढल्या आहेत. परंतु १८७३ मध्यें उभारलेला त्याचा पुतळा पाहावयास जितके लोक येतात, तितके करारनाम्याकरितां येत नाहींत.

आश्रयदात्याचा हक्क १८७४ मध्यें रद्द झाला. फुटीचें मूळ कारण गेलें, तरी फूट मिटावयास आणखी पंचावन्न वर्षें लागलीं. १९२९ मध्यें फ्री चर्चचा वारसा चालविणारा मोठा पक्ष आणि राष्ट्रीय चर्च एक झालीं. त्याच वर्षीं ओल्ड आणि न्यू ग्रेफ्रायर्स या मंडळ्याहि एकत्र आल्या. नंतर हेन्री केर या वास्तुशास्त्रज्ञाच्या देखरेखीखालीं १९३२ ते १९३८ पर्यंत इमारतीची पुनर्रचना झाली आणि १७१८ च्या स्फोटानें आणलेली ती भिंत अखेर निघाली. माणसें आधीं एक झालीं, इमारत मागाहून.

यानंतर ग्रेफ्रायर्समध्यें एकामागून एक मंडळ्या येऊन मिळूं लागल्या. १९३८ मध्यें लेडी येस्टर चर्चची मंडळी आली, १९४१ मध्यें न्यू नॉर्थची आली. १९७९ मध्यें ‘हायलंड टॉलबूथ सेंट जॉन’ची मंडळी आली, आणि तिच्या रूपानें तीन जुने प्रवाह येथें आले. त्यांतील टॉलबूथ मंडळी मूळची सेंट जाइल्सच्या भिंतींमधली. सेंट जॉन ही गथ्री यांची. आणि हायलंड मंडळी म्हणजे उत्तरेकडील डोंगराळ मुलखांतून पोटाकरितां एडिंबरोस आलेल्या गेलिक भाषिकांची. ओझीं वाहणें, पालख्यांप्रमाणें खांद्यावरून नेण्याच्या खुर्च्या उचलणें, शहराचा पहारा करणें असलीं कामें हे लोक करीत. इंग्रजी प्रवचन त्यांस समजत नसे, म्हणून १७६९ मध्यें त्यांच्याकरितां गेलिक प्रार्थनामंदिर उघडलें होतें. पोटासाठीं परक्या शहरांत गेलेला मनुष्य देवाशीं बोलतांना आपली मातृभाषाच शोधतो. त्या मंडळीचें स्वतंत्र मंदिर गेलें, तरी तिची गेलिक उपासना ग्रेफ्रायर्समध्यें पुढें चालू राहिली. २०१३ मध्यें कर्क ओ’फील्ड ही शेजारची मंडळीहि ग्रेफ्रायर्सशीं एक झाली.

या संयोगांस दुसरी बाजूहि आहे, आणि ती आनंदाची नाहीं. १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यास स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चचे सभासद तेरा लक्षांवर होते. २०२३ च्या अखेरीस ते तीन लक्षांच्या खालीं आले. मंडळ्या एकत्र येतात त्या नेहमींच जुने वाद मिटल्यामुळें येतात असें नाहीं. पुष्कळदां माणसेंच उरत नाहींत म्हणून येतात. रिकामीं झालेलीं चर्चें विकलीं जातात. न्यू नॉर्थच्या इमारतींत आतां विद्यार्थ्यांची नाटकें होतात. टॉलबूथची मनोऱ्याची इमारत १९९९ पासून एडिंबरोच्या कलामहोत्सवाचें केंद्र झाली आहे.

मुलूख, इमारत आणि माणसें या तिहींपैकीं चर्च कशास म्हणावें? चार्ल्स राजास तें इमारतींत दिसलें, गथ्री यांस काउगेटच्या गल्ल्यांत दिसलें, आणि १८४३ मध्यें घरदार सोडणाऱ्यांस तें बरोबर चालणाऱ्या माणसांत दिसलें. ग्रेफ्रायर्सच्या चारशें वर्षांवरून पाहतां असें म्हणावें लागतें कीं, मंडळीच्या इच्छेवांचून जें जें तिच्यावर लादलें गेलें तें फार काळ टिकलें नाहीं; आणि जें ती स्वतः सोडून गेली, तें पुढच्या पिढ्यांस परत मिळवितां आलें, पण त्याकरितां शतकभर वाट पाहावी लागली.